लडाखची सहल आणि मापातले पाप

फेब्रुवारी-मार्च उजाडला की लडाखच्या सहलींच्या जाहिरातींचे पेव फुटते. ‘पाच रात्री, सहा दिवस. लेह, नुब्रा, पँगाँग. सर्व खर्चासह,’ अशी ठरलेली भाषा आणि खाली ठळक अक्षरांत एक आकडा. दुसऱ्या जाहिरातीत कार्यक्रम तोच, आकडा दोन हजारांनी कमी. तिसरीत आणखी कमी. आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक यातला एखादा कागद हातात घेऊनच येते आणि विचारते, “तुमचे नऊ दिवस कशाला? हे लोक सहा दिवसांत सगळे दाखवतात.”

आम्ही दोघे भाऊ मालेगावात प्रवासाचा लहानसा व्यवसाय करतो. आरंभी रेल्वे आणि बसची तिकिटे काढून देत होतो. पुढे दहा-बारा जणांचे गट घेऊन लडाखला जाऊ लागलो. या धंद्यात आम्ही चार पैसे कमावले, तशा चुकाही केल्या. त्या अनुभवावरून आमचे मत असे झाले आहे की, थंड आणि उंच मुलखाची सहल आखताना दिवस कापणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली चुंबक लावण्यासारखे आहे. हे मापातले पाप आहे. फरक इतकाच, की किराणा दुकानात गिऱ्हाइकाची पावशेर साखर जाते आणि इथे त्याचा जीव जाऊ शकतो.

आमच्याच चुकीची गोष्ट

२०१३ साली आमचा बारा जणांचा गट विमानाने लेहला उतरला. आम्हीही तेव्हा सहा दिवसांचाच कार्यक्रम विकत होतो. पहिली रात्र लेहमध्ये आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँग सरोवराच्या काठी तंबूत मुक्काम. गटात एक सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांचे डोके सकाळपासून दुखत होते. पण आपल्यामुळे सर्वांची सहल बिघडू नये म्हणून ते बोलले नाहीत. रात्री एकच्या सुमारास त्यांना बसल्या जागी धाप लागली. खोकल्याबरोबर फेस येऊ लागला.

उंचीच्या त्रासावर खरा इलाज एकच, तो म्हणजे रोग्याला खाली उतरवणे. पण पँगाँगहून लेहला परतायचे तर आधी चांग ला ही सुमारे ५३०० मीटर उंचीची खिंड चढावी लागते. खाली जाण्याची वाट वर चढून जाते! आमच्या लडाखी चालकाला हे ठाऊक होते. त्याने गाडी खिंडीकडे न नेता वाटेतल्या तांगत्से गावी थांबवली आणि तिथल्या आरोग्य केंद्रात सरांना प्राणवायू लावला. उजाडल्यावर सिलिंडर सोबत घेऊन खिंड ओलांडली. लेहच्या इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “लेहमध्ये किती रात्री काढल्या?” आम्ही म्हणालो, “एक.” त्यांनी मान वर केली नाही, कागदावर लिहून घेतले.

सर चार दिवसांनी बरे झाले. त्यांच्या पत्नी आमच्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बाबांनो, हे आधी सांगितले असते तर आम्ही दोन दिवस खोलीतच बसलो असतो की.” ते वाक्य आम्हाला शिवीपेक्षा जास्त लागले. कारण आम्हाला माहीत होते आणि आम्ही सांगितले नव्हते.

हवा विरळ, हिशेब सरळ

लेह शहर सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, म्हणजे लेहच्या बाजारात उभा असलेला माणूस कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश इतकाच राहतो. पँगाँगला, म्हणजे सुमारे ४२५० मीटरवर, तो आणखी घटतो आणि खारदुंग ला खिंडीत जवळपास निम्म्यावर येतो. दर श्वासाला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. शरीर ही तूट भरून काढते, पण त्याला त्यासाठी दिवस लागतात. ते दिवस पैसे देऊन विकत घेता येत नाहीत.

डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा. विमानाने लेहला उतरणारा माणूस हा नियम तिथे पाय ठेवताक्षणीच मोडतो. म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती हवीच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सह्याद्रीतले गड पाठीवर पिशवी टाकून चढणारी तरुण मुले आम्हाला सांगतात, “आम्हाला काही होत नाही.” उंचीचा त्रास दमछाकीचा नसतो आणि तो तब्येत पाहून येत नाही. धट्टाकट्टा तरुण आडवा होतो आणि साठीचे काका निवांत फिरतात, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. उलट तरुणालाच धोका अधिक, कारण तो दुखणे लपवतो. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे या पहिल्या खुणा. बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, चालताना झोक जाणे किंवा असंबद्ध बोलणे या खुणा दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता वैद्यकीय मदत गाठावी. डायमॉक्स नावाची गोळी पुष्कळांना उपयोगी पडते. पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ज्यांना बाधा होते त्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

सर्वांत स्वस्त दिवस

आता व्यापाराच्या दृष्टीने पाहू. लडाखच्या सहलीत मोठा खर्च गाडीचा असतो. लेहमध्ये पर्यटकांना फिरवण्याचा हक्क स्थानिक वाहनांचा आहे आणि टॅक्सी संघटनेचे दरपत्रक ठरलेले असते. बाहेरच्या व्यावसायिकाला तिथे फारशी घासाघीस करता येत नाही. विश्रांतीच्या दिवशी मात्र गाडी उभी असते. खर्च फक्त खोलीचा आणि जेवणाचा. म्हणजे ज्या दिवसांनी गिऱ्हाइकाचा जीव सांभाळला जातो, तेच संपूर्ण सहलीतले सर्वांत स्वस्त दिवस आहेत! तरीही कात्री पहिल्यांदा त्यांच्यावरच चालते. कारण जाहिरातीत त्या दिवसापुढे लिहायला काही नसते. ‘आराम’ हा शब्द गिऱ्हाइकाला पैसे फुकट गेल्यासारखा वाटतो आणि विकणाऱ्याला तो समजावून सांगण्याचा कंटाळा असतो.

आमचा नऊ दिवसांचा कार्यक्रम आता असा असतो. पहिला दिवस खोलीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सावकाश फेरफटका, बस्स. तिसऱ्या दिवशी सिंधू-झंस्कार संगम, लिकीर आणि आलची. हा प्रवास सिंधूच्या काठाने खालच्या अंगाला होतो, म्हणून शरीराला सोपा. चौथा आणि पाचवा दिवस नुब्रा खोऱ्यात. वाटेत खारदुंग ला लागते. पण तिथे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक थांबायचे नाही. मुक्काम दिस्कितच्या आसपास, सुमारे ३१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली. पँगाँग सहाव्या दिवशी आणि तेही सर्वांची तब्येत पाहून. सातव्या दिवशी लेह. आठवा दिवस राखीव. नवव्या दिवशी विमान.

राखीव दिवसावरूनही वाद होतात. लेहची विमाने बहुतेक सकाळी उडतात, कारण दिवस चढला की वारा आणि उष्णता वाढते. हवा बिघडली की उड्डाण रद्द. दरड कोसळली की रस्ता बंद. ज्याने दिल्लीहून त्याच रात्रीच्या रेल्वेचे आरक्षण केले आहे, त्याची मग तारांबळ उडते. राखीव दिवस कामी आला नाही तर लेहचा राजवाडा बघावा. तो वाया जात नाही.

आणि ज्याच्याकडे सहाच दिवस आहेत त्याने काय करावे? आम्ही त्याला सांगतो, दिवस कमी असतील तर ठिकाणे कमी करा. दोन दिवस लेह, तिसरा आलचीकडे, चौथा नुब्रात, पाचव्याला परत, सहाव्याला विमान. पँगाँग पुढच्या खेपेला. ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट २००९ साली आला तेव्हापासून त्या सरोवराचे वेड लागले आहे, हे आम्ही जाणतो. पँगाँग नाही म्हटल्यावर काही गिऱ्हाइके उठून जातात. जाऊ द्यावीत. उठून गेलेले गिऱ्हाईक परत येऊ शकते.

रस्ता कोणता घ्यावा?

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. श्रीनगरहून लेह सुमारे ४२० किलोमीटर. वाटेत साधारण ३५०० मीटरची झोजी ला खिंड लागते आणि रात्रीचा मुक्काम कारगिलला, सुमारे २७०० मीटरवर होतो. शरीर पायरी-पायरीने चढते. मनालीची वाट अधिक भव्य आहे. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगची अडचणही राहिली नाही. पण या वाटेवर अनेकजण सरचूला तंबूत रात्र काढतात. सरचू सुमारे ४२९० मीटरवर आहे. मनालीहून निघून एका दिवसात तिथे झोपणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय. आमचे मत स्पष्ट आहे. जाताना श्रीनगर-कारगिलकडून जावे, येताना मनालीकडून उतरावे. शरीर तयार झाल्यावर मनालीची वाट सुखाची होते. यंत्रणांची परवानगी आणि त्या-त्या वेळची परिस्थिती पाहूनच वाट ठरवावी, हे सांगायला नकोच.

हिवाळ्याचा माल वेगळा

लडाखमध्ये बाहेरच्यांना प्रवेश १९७४ साली खुला झाला, तेव्हा पहिल्या वर्षी जेमतेम पाचशे पाहुणे आले होते. २०२२ मध्ये हा आकडा पाच लाखांच्या वर गेला. पण ही गर्दी प्रामुख्याने मे ते सप्टेंबरची. उरलेले महिने पुष्कळशी हॉटेले कुलुपात. म्हणून हिवाळी सहलींना वाव आहे, असे आम्हाला वाटते. मात्र हा माल वेगळा आहे आणि तो उन्हाळ्याच्या भाषेत विकता येत नाही.

जानेवारीत लेहमध्ये रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. नळ गोठतात, अंघोळीला बादलीभर गरम पाणी मिळाले तर नशीब. शौचालय बहुधा लडाखी पद्धतीचे कोरडे, मातीचे. खोलीत बुखारी पेटवतात, ती रात्री विझवून झोपायचे आणि हवेला वाट ठेवायची, नाहीतर धुराने गुदमरण्याचा धोका. डिझेलसुद्धा गोठते. त्यासाठीच २०१९ साली उणे ३३ अंशांतही प्रवाही राहणारे खास डिझेल लडाखमध्ये आणले गेले. या सर्व गोष्टी सहलीच्या कागदावर लिहिल्या पाहिजेत. आम्ही त्या पहिल्याच पानावर लिहितो. वाचून दहातले सहा जण नाही म्हणतात. जे चार येतात ते तक्रार करत नाहीत.

गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याची ‘चादर’ वाट प्रसिद्ध आहे. जानेवारी-फेब्रुवारीतले काही आठवडेच ती चालते. तिथे जाणाऱ्यांना आधी लेहमध्ये मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली आहे, हे योग्यच झाले. बर्फ कधी फुटेल, वाट कधी बंद होईल, हे नदी ठरवते, आयोजक नव्हे. शिवाय निम्मू-पदुम-दारचा रस्ता २०२४ च्या मार्चमध्ये जोडला गेला. जिथे झंस्करी माणूस नाइलाजाने बर्फावरून चालत होता तिथे आता गाडी जाते. त्या लोकांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्यासारख्यांनी यातून धडा घ्यावा, की एकाच आकर्षणावर दुकान मांडू नये.

बिबट्या जिवंत बरा

हिवाळ्यातला दुसरा माल म्हणजे हिमबिबट्या. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. पूर्वी हा प्राणी गोठ्यात शिरून एका रात्रीत अनेक शेळ्या-मेंढ्या मारी आणि गावकरी संतापाने त्याला संपवत. घरातली वर्षाची कमाई गेल्यावर दुसरे काय होणार? रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांत दोन कामे केली. गोठ्यांना जाळी लावून ते पक्के केले आणि घराघरांत पाहुणे ठेवण्याची सोय उभी केली. पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून द्यायचे, म्हणजे एकाच घराची चंगळ होत नाही. रुम्बाकसारख्या गावात आता बिबट्या दिसला की लोक दुर्बीण घेऊन धावतात. मेलेल्यापेक्षा जिवंत बिबट्या गावाला अधिक देतो, हा हिशेब गावकऱ्यांना पटला.

आमच्या व्यवसायबंधूंनी हे नीट पाहावे. आपल्याकडचे काही आयोजक आचारी, तांदूळ, मसाले, अगदी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा बाहेरून नेतात आणि गावात कचरा सोडून येतात. लेहच्या महिलांनी १९९८ साली प्लास्टिक पिशव्या बंद करवल्या, त्या गावाला आपण बाटल्यांचे ढीग भेट देतो! गिऱ्हाइकाला वरण-भात लागतो हे खरे आहे. पण यजमान बाईला डाळ-तांदूळ कळवले तर ती करून घालते आणि ते पैसे तिच्या घरात राहतात. ज्या गावाला आपल्याकडून काही मिळत नाही, ते गाव आपल्या पाहुण्याला अडचणीत रात्री दोन वाजता दार का उघडेल? तांगत्सेच्या रात्री आम्हाला वाचवले ते आमच्या नियोजनाने नव्हे, तर चालकाच्या जाणतेपणाने आणि तिथल्या लोकांनी.

पैसे परत करण्याचा प्रश्न

सर्वांत अवघड भाग हाच. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवरच्या तणावामुळे उत्तरेतले अनेक विमानतळ काही दिवस बंद झाले, त्यात लेहही होते. आमचा चौदा जणांचा गट घरीच राहिला. आम्ही सर्वांना दुकानात बोलावले, चहा पाजला आणि वही पुढे ठेवली. हॉटेलला इतके गेले, गाडीला इतकी आगाऊ रक्कम, आमच्याकडे शिल्लक इतकी. शिल्लक त्याच आठवड्यात परत केली. लेहच्या हॉटेलवाल्याने आणि चालकाने रक्कम पुढच्या हंगामात वळती करून घेण्याचे कबूल केले, कारण आम्ही त्यांचे पैसे कधी थकवले नव्हते. चौदापैकी दोघांनी तरीही कडक शब्द ऐकवले. बाकीच्यांनी वही पाहिली आणि गप्प राहिले.

त्याच दिवसांत एका मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाने आम्हाला आपला करार दाखवला. बारीक अक्षरांत लिहिले होते, कोणत्याही कारणाने सहल रद्द झाली तर काहीही परत मिळणार नाही. कायद्याच्या दृष्टीने असली अट टिकते की नाही, हे ग्राहक आयोग ठरवील. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच सांगू, की जे अक्षर भिंग लावून वाचावे लागते ते लपवण्यासाठीच लिहिलेले असते. रद्द होण्याच्या अटी, विमा उंचावरच्या आजारपणाला आणि तिथून हलवण्याच्या खर्चाला लागू आहे की नाही, गाडीत सिलिंडर आहे की नाही, हे सर्व किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे.

दोन्ही बाजूंना विनंती

वाचकांपैकी ज्यांना सहलीला जायचे आहे त्यांनी आयोजकाला किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. लेहमध्ये पहिल्या किती रात्री? पँगाँग कितव्या दिवशी? रात्री कोणाला त्रास झाला तर गाडी आणि चालक तंबूपाशी असतील का? उत्तर चाचरत आले तर कागद परत करावा.

आणि आमच्या गावांतली जी तरुण मुले या धंद्यात उतरू पाहतात, त्यांना आम्ही सांगू की भांडवल थोडे लागते, मागणी पुष्कळ आहे. पण आधी स्वतः एक हिवाळा आणि एक उन्हाळा तिथे काढा. मोठ्या कंपन्यांशी किमतीत तुम्ही जिंकणार नाही. माप पूर्ण द्या. आमचे सर आज हयात आहेत. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या नातवाला आमच्याकडे पाठवले. नातू म्हणाला, “आजोबांनी सांगितले आहे, दोन दिवस खोलीत बसायचे पैसे आधी भरून ये.”